छपरावरची आमची ओळ

थंडी सरत आली, सोमवार

धाकट्या,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं वाच: बाबा ठीक आहेत. गुडघा दुखतो म्हणून सध्या पाणीघराच्या छपरावर चढत नाहीत. बाकी दोन वेळा जेवतात आणि माझ्यावर खेकसतात, म्हणजे ठीकच आहेत.

तुझा पत्ता मीठवाल्याकडून मिळाला. तो म्हणाला, "तुमच्यासारखा एकजण खाडीच्या वस्तीवर होड्यांना डांबर लावतो. बोलत नाही फारसा, पण नाक तुमचंच." इतकी वर्षं मी तुला कुठेकुठे शोधलं, आणि शेवटी तू नाकावरून सापडलास.

खुशाली विचारायला लिहीत नाही. आता ते सोंग कशाला? पाणी संपत आलंय. तू गेलास तेव्हा पाणीघराच्या दारातला काटा अर्ध्यावर होता, आता तो जेमतेम हलतो. विहिरीच्या तळाशी यंत्र गुरगुरतं ते ऐकू येतं, पण पाणी वर चढतं ते ऐन दुपारी, ऊन छपरावरच्या काचांवर सरळ पडतं तेव्हा. सकाळी नळाला कान लावला तर नुसती हवा. वरच्या आळीतली माणसं खालच्या डबक्यातून गढूळ पाणी भरून आणतात आणि फडक्यातून गाळून पितात. जुन्या लोकांनी एवढं अवाढव्य शहर उभं केलं, आपोआप उघडणारी दारं केली, आणि आपण ती दारं काढून त्यांची जेवायची टेबलं केली. एक पाणीघर तेवढं चालू राहिलं होतं.

परवा मोठ्या बाईंनी सभा घेतली. (पाणीवाटप आता त्यांच्याकडे आहे. तू होतास तेव्हा त्यांचे यजमान बघायचे, ते गेले.) म्हणाल्या, "काचांवर मळ साचलाय. आपल्या आज्यापणज्यांचे हात काय जोराने चालायचे. आपण हात राखून घासतो, म्हणून ही वेळ आली." सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरलं असं, की महिनाअखेरच्या रविवारी एकूण एक घराने छपरावर चढायचं आणि काचांच्या सगळ्या ओळी एका दमात घासून काढायच्या. राखेत विटेचा भुगा मिसळायचा. ही भुग्याची कल्पना गवंडीकाकांची. त्यांनी कालपासून विटा कुटायला घेतल्यासुद्धा.

मी मागे बसून ऐकत होते आणि मला तुझा आवाज ऐकू येत होता. "राखेनेच काचा आंधळ्या होतायत, बाबा." त्या दिवशी टाकीमागे पडलेली ती एकटी काच तू उचलून घरी आणली होतीस. तिला कधी कोणी हात लावला नव्हता. पाखरांची शीट धुतलीस आणि खालून अशी काळीशार निघाली की मी हातातलं काम टाकून बघायला आले. बाबांनी ती आधी अंगणात फोडली, मग तुझी वळकटी दाराबाहेर टाकली. त्यानंतर या घरात तुझं नाव निघालेलं नाही.

तू ये. सभेत उभा राहा आणि सांग. ती काच राहिली नाही, पण तू आहेस. विटेचा भुगा एकदा फिरला की उरलंसुरलं सगळं जाईल, आणि मग या गावाला कुलूप लावून निघायचं तेवढं बाकी राहील.

तुझी ताई

बुधवार, वारा सुटलाय

धाकट्या,

मीठवाला म्हणाला, तू पत्र घेतलंस, वाचलं नाहीस, खिशात घातलंस. बरं केलंस. निदान डांबराच्या पिंपात तरी टाकलं नाहीस.

मागच्या वेळी लिहिलं ते पूर्ण खरं नव्हतं. बाबा पडलेत. पाणीघराच्या जिन्यावरून, उतरताना. खुब्याचं हाड गेलंय असं वैदू म्हणतात. उशीला टेकून बसवलं तर बसतात, उभं राहता येत नाही. तू घाबरून येशील आणि मग त्यांच्यासमोर तोंड उघडणार नाहीस, असं मला वाटलं, म्हणून गुडघ्यावर भागवलं.

आता दुसरं सांगते. तू बसला असशील ना नीट? बस.

बाबा पडले तेव्हा मी साहजिकच म्हटलं, "उद्यापासून आपली ओळ मी घासते." त्यांनी एवढ्या दुखण्यातही माझं मनगट धरलं. "आपल्या ओळीला कोणी हात लावायचा नाही. तूसुद्धा."

"मग मळू दे म्हणता?"

"मळू दे."

लहानपणी काचेवरच्या एका बोटाच्या ठशावरून आपल्या दोघांना उपाशी झोपवणारा माणूस म्हणतो, मळू दे! मला वाटलं, दुखण्याने डोकं फिरलंय. चार दिवस थांबले आणि काल सकाळी राखेची बादली आणायची म्हणून वर गेले.

छप्पर तसंच आहे. घरागणिक ओळ, ओळीच्या टोकाला ज्याच्या त्याच्या रंगाची चिंधी. गवंडीकाकांची ओळ आपल्या शेजारीच, आणि ते तिथे उकिडवे बसून घासत होते. त्यांच्या काचा अशा झाल्यात, ताकाचं पातेलं नुसत्या पाण्याने विसळल्यावर दिसतं ना, तशा. काळा रंग कुठे म्हणून नाही. त्यांना मात्र त्या चमकताना दिसतात. "बघ, तुझ्या बाबांपेक्षा लखलखीत ठेवल्यात की नाही?" मी हो म्हटलं.

आपली ओळ लांबून तशीच दिसत होती. पुढच्या कडेला राखेचा हात फिरवलेला, पांढुरका. मी खाली वाकले आणि कडेच्या आत, मधोमध, बाहीने पुसलं. धाकट्या, मला माझा चेहरा दिसला. डोळ्यांखालची वर्तुळंसुद्धा दिसली, आणि मागून ढग चालले होते तेही. दुसरी काच पुसली, तिसरी पुसली. सगळ्या तशाच. तू टाकीमागून आणली होतीस तशा.

मग बादली बघितली. आतली राख दगड झालीय. किती पावसाळे भिजली आणि वाळली असेल कोणास ठाऊक, वर भेगा पडल्यात, बोट रुतत नाही. बादलीच्या मागे मडक्यात पाणी आणि मऊ जुनी फडकी, घड्या घालून ठेवलेली. त्यातलं एक तुझ्या शर्टाचं आहे. निळा, ज्याची कॉलर तू कुरतडायचास.

म्हणजे त्यांनी राख कधीच सोडली होती. पाण्याने पुसत होते, आणि कोणाला कळू नये म्हणून कडेला राख माखत होते.

गवंडीकाकांनी विचारलं, "कशीय ओळ?"

मी म्हटलं, "आहे तशीच."

खाली आले आणि कामं करत राहिले. दिवसभर बाबांकडे बघितलं नाही. आजही नीट बघितलेलं नाही. त्यांनी तुझं ऐकलं होतं. कदाचित तू वेशीबाहेर पडला नसशील, तोवरच त्यांनी तुझं ऐकलं असेल.

ताई

शनिवार, रविवारला आठवडा उरला

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. त्याला उत्तर म्हणायचं तर. "मी येणार नाही. माझं तेव्हा कोणी ऐकलं नाही, आता का ऐकतील? त्यांनाच बोलू दे." खाली सही पण नाही. नाकाच्या ऐवजी हस्ताक्षरावरून ओळखलं.

रागावले नाही. खोटं कशाला बोलू, रागावले. मग वाटलं, तुझं चुकलं कुठे? तू आलास तर तू बाहेरचा. तुझ्या हातात पुरावा नाही. पुरावा छपरावर आहे आणि तो बाबांचा आहे. त्यांच्या शब्दाशिवाय मी आपली ओळ दाखवली तर लोक म्हणतील, यांच्या काचा मुळातच चांगल्या होत्या, यांचं दैव चांगलं. काचांच्या बाबतीत या गावात शेवटचा शब्द बाबांचा असतो, आजही असतो. मोठ्या बाईसुद्धा बादली उचलण्याआधी त्यांना विचारून गेल्या. आणि बाबांनी त्यांना काय सांगितलं माहीत आहे? "चांगलं आहे. करा." मी दाराआडून ऐकलं.

त्या गेल्यावर मी आत गेले आणि ते निळं फडकं त्यांच्या पांघरुणावर ठेवलं.

त्यांनी त्याला हात लावला नाही. मग म्हणाले, "वर गेलीस."

"गेले."

"मी नको म्हटलं होतं."

"का नको म्हटलं होतं ते कळलं मला. बाबा, गवंडीकाका विटा कुटतायत."

"ऐकू येतं मला. रोज ऐकतो."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. एवढ्या वर्षांत तोंडातून जे निघालं नव्हतं ते निघालं. म्हटलं, पोराला हाकललंत ते एक वेळ मी गिळलं, तुमचा राग मोठा, तुमची श्रद्धा मोठी, असं समजून गिळलं. पण तुम्हाला त्याचं पटलं होतं! पटलं होतं तर त्याच्यामागे धावायचं होतं. तो वेशीपर्यंतसुद्धा पोचला नसेल.

ते म्हणाले, "धावलो होतो."

हे मला माहीत नव्हतं. तुलाही नसेल. तू गेलास त्या दुपारी ते फोडलेल्या काचेचे तुकडे गोळा करत बसले होते. त्यातला एक त्यांनी राखेने घासून बघितला. थोडाच वेळ. तुकडा धुरकटला. मग ते उठून वेशीकडे निघाले. पाणीघराच्या कोपऱ्यावर गवंडीकाका भेटले, त्यांच्या वडिलांना नुकतंच जाळून येत होते. आठवतंय ना, म्हातारबा छपरावरच गेले होते, हातात फडकं धरून. गवंडीकाका बाबांच्या गळ्यात पडले आणि म्हणाले, "बाप काचेची सेवा करता करता गेला, याहून चांगलं मरण नाही." बाबा म्हणाले, "त्याला काय सांगणार होतो मी त्या वेळी? तुझ्या बापाने जन्मभर काचा मारल्या म्हणून? त्याला घरी पोचवलं. तोवर संध्याकाळ झाली. म्हटलं, उद्या जाऊ पोराच्या मागे."

"आणि उद्या?"

"उद्या लाज वाटली. त्याला परत आणायचं तर का आणलं ते सांगावं लागलं असतं. सगळ्या गावाला. म्हटलं, आपली ओळ तर राखू. मग हळूहळू सांगू." निळं फडकं उचलून म्हणाले, "हळूहळू काही होत नाही गं."

मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी इतका संताप आला की मी बाहेर जाऊन मोरीतली भांडी उगाच पुन्हा घासली. राखेने.

रविवारी ते बोलतील का, मी विचारलं. भिंतीकडे तोंड करून झोपले. 

ताई

रविवार होऊन गेला

धाकट्या,

झालं ते जसं झालं तसं लिहिते. मध्ये हुंदका आला तर कागदावर दिसेल, दुर्लक्ष कर.

सकाळी सगळं गाव पाणीघरासमोर जमलं. बादल्या, फडकी, लालभडक भुगा. पोरासोरांना सुटी दिल्यासारखं वातावरण, कोणीतरी गाणंसुद्धा धरलं होतं. मी घरातच होते. मी ठरवलं होतं की बाबा उठले नाहीत तर मी जाऊन जिन्याच्या दारात आडवी पडेन. पुढे काय ते ठरवलं नव्हतं.

बाबांनी हाक मारली. "खुर्ची आण. आणि त्याला बोलाव."

"कोणाला?"

"गवंड्याला. तुला एकटीला मी उचलवणार नाही."

गवंडीकाका धावत आले. त्यांना वाटलं, बाबांना सोहळा बघायचाय. आनंदाने त्यांनी खुर्चीचं एक अंग उचललं, दुसरं मी. वाटेत म्हणत होते, "तुम्ही नुसतं समोर बसा, दादा. लोकांना हुरूप येईल." खुर्ची कुठे ठेवायची विचारलं तर बाबांनी जिन्याचं दार दाखवलं. अगदी उंबऱ्यावर. तिथे ठेवल्यावर वर जायला वाटच उरली नाही.

मोठ्या बाई हसल्या. "दादा, थोडं बाजूला घ्यायला हवं तुम्हाला."

बाबा म्हणाले, "आधी माझं ऐका. राखेनं काचा मरतात. मळ नाही बसलेला, चरे पडलेत. आपणच पाडलेत. आपल्या बापांनी पाडले, आपण पाडले."

 मग मागून एक बाई म्हणाली, "दुखणं डोक्यात गेलं बिचाऱ्यांच्या." मोठ्या बाईंनी मला नजरेने विचारलं, घेऊन जातेस का? मी जागची हलले नाही.

बाबा गवंडीकाकांकडे बघून म्हणाले, "माझी ओळ बघून ये. कडेची राख पुस आणि बघ. मी अंधारात, तुम्ही वर यायच्या आत, पाण्यानं पुसतो. पोरगा गेला त्या दिवसापासून."

त्यांना वर जाऊ द्यायला खुर्ची थोडी सरकवली. ते एकटेच गेले. आम्ही सगळे खाली उभे. बाबांचे हात मांडीवर होते, आणि मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवावा की नाही हे मला ठरवता येईना. ठेवला नाही. आता त्याचं वाईट वाटतंय.

गवंडीकाका खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल भुग्याने माखलेला होता, डोळे पुसले असावेत. शेवटच्या पायरीवर थांबले. बाबांच्या पाठीकडे बघतच बोलले, पहिल्यांदाच अरे-तुरे करत.

"रोज सकाळी माझ्या शेजारी बसायचास. मी विचारायचो, कशी चमकतेय? तू म्हणायचास, झकास."

काकांनी बाहीने तोंड पुसलं.

"माझी आई ते गढूळ पाणी पिऊन गेली, मागच्या पावसाळ्यात. खांदा द्यायला तू होतास."

"होतो."

काका खुर्चीला वळसा घालून बाहेर आले, आपली बादली उचलली आणि गटारात उपडी केली. मग चालू लागले. खुर्ची परत न्यायला थांबले नाहीत. त्यांच्यामागे एकेकाने बादल्या ओतल्या. गटार लाल झालं. कोणी ओरडलं नाही, कोणी बाबांना शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मोठ्या बाई शेवटपर्यंत थांबल्या. त्यांनी आणि मी मिळून बाबांना घरी आणलं. दारात म्हणाल्या, "तुझा भाऊ कुठे असतो?" मी सांगितलं. "त्याला त्या वेळी मीही हसले होते," म्हणाल्या आणि गेल्या.

आता काचा पाण्याने पुसतात. काटा तिथेच आहे. चरे भरून येणार नाहीत, हे मोठ्या बाईंनी सभेत स्पष्ट सांगितलं. पाणी आता कमी होत जाणार नाही एवढंच. वरच्या आळीतली काही घरं खाडीकडे निघाली आहेत, तुझ्याच बाजूला. आहे ते पाणी निम्म्या गावाला पुरेल, सगळ्यांना पुरणार नाही. आपल्या ओळीच्या काचा काढून सामायिक जागी, मधोमध, लावायच्या असं ठरलं. मी हो म्हटलं. बाबांना विचारायची पद्धत आता राहिली नाही.

आमच्याकडे कोणी येत नाही. दुकानात गेले की बोलणं थांबतं. गवंडीकाका समोरून आले तर रस्ता बदलत नाहीत, पण माझ्याकडे असं बघतात की मी बदलते. बाबा सकाळी जाग आली की पांघरुणावर हात फिरवत राहतात, डावीकडून उजवीकडे, पुसल्यासारखा. झोपेत आहेत की जागे ते कळत नाही. मी तिथे बसून राहते.

काल विचारत होते, "त्याला लिहिलंस?"

"लिहिते. काय लिहू?"

"लिही, तुझं खरं होतं आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं."

हे वाचून तुला निववेल की जाळेल, मला कळत नाही. माझं असतं तर मला जाळलं असतं. पण ते तुझं आहे, तुझ्याकडे पोचायलाच हवं होतं.

मी विचारलं, "ये म्हणून लिहू?"

"नको. तेवढा मला हक्क नाही."

मला आहे, धाकट्या. पहिल्या पत्रात मी तुला पाण्यासाठी बोलावलं, गावासाठी बोलावलं, विटेच्या भुग्यासाठी बोलावलं. तू आला नाहीस ते बरोबर केलंस. आता पाण्याचं जे व्हायचं ते झालंय, गावाला तुझी गरज नाही, आणि बाबा तुला बोलवत नाहीत. मी बोलावतेय. या घरात आता मी आणि एक म्हातारा माणूस आहोत, ज्याला माफ करायचं की नाही हे मला एकटीला ठरवता येत नाहीये. ये.

ताई